गाडी दिल्लीची, पैसे रावेरचे: ऑनलाइन जुनी स्पोर्ट्स कार घेण्याआधी

रावेरच्या एका तरुण केळी बागायतदाराचा प्रश्न आहे. इन्स्टाग्रामवर दिल्लीच्या डीलरकडे २०१३ ची लाल ऑडी टीटी दिसली. ३४ हजार किलोमीटर, पहिला मालक, किंमत साडेअठरा लाख. डीलर म्हणतो की पुण्याची एक आणि इंदूरची एक अशा दोन पार्ट्या रांगेत आहेत, आज रात्री ५० हजार टोकन टाकलं तर गाडी अडवून ठेवतो. टाकू का?

नका टाकू, भाऊ. निदान आज रात्री तरी नका. का ते सांगतो, पण जरा लांबण लागेल.

माझं जळगावला अजिंठा रोडवर गॅरेज आहे. आधी ट्रॅक्टर आणि जीपा केल्या, गेली चौदा-पंधरा वर्षं जर्मन गाड्या करतो. गाडी घेण्याआधी लोक मला सोबत नेतात, त्यामुळे मुंबई, पुणे, अहमदाबाद, दिल्ली इथली डीलरांची आवारं बरीच पालथी घातली आहेत. तिथे चांगली माणसंही भेटली. वाईट माणसं लक्षात जास्त राहतात एवढंच.

जुनी स्विफ्ट घ्यायची तर शंभर गाड्या समोर असतात. एक नाही पटली तर दुसरी, आणि गल्लीतला फिटरसुद्धा तिचं दुखणं सांगतो. टीटी, झेड-फोर, बॉक्स्टर, मस्टँग यांचं तसं नाही. अख्ख्या देशात विक्रीला मोजक्या असतात, आणि घेणारा शाळेत असल्यापासून तिचं चित्र वहीला चिकटवून बसलेला असतो. डीलरला हे नीट ठाऊक असतं. म्हणून ‘दोन पार्ट्या रांगेत’ हे वाक्य तो स्विफ्टच्या गिऱ्हाईकाला सहसा म्हणत नाही, तुम्हाला म्हणतो.

माझे मामा दरवर्षी दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जायचे. दात बघून वय काढायचे, खोगीर उतरवून घोडा चालवायला लावायचे. पण त्याच्याही आधी विचारायचे: गाव कोणतं, हा घोडा तुझाच की दुसऱ्याचा धरून उभा आहेस, तुला ओळखणारं इथे कोण आहे? मी हे लहानपणी पाहिलं होतं आणि तरी माझ्या धंद्यात विसरलो. त्याची किंमत एका मित्राने मोजली.

२०१६ ची गोष्ट. सराफ बाजारातल्या या मित्राला मुंबईच्या एका डीलरकडे झेड-फोर आवडली. मी गेलो आणि अर्धा दिवस गाडी तपासली. इंजिन ठणठणीत, छत न अडखळता उघडायचं-मिटायचं, रंग मूळचा. मी ‘घे’ म्हटलं. बावीस लाख आरटीजीएसने डीलरच्या खात्यात गेले आणि गाडी ट्रेलरवर चढून जळगावला आली. तीन आठवड्यांनी मित्राला एका अनोळखी माणसाचा फोन आला. “माझी गाडी तुमच्याकडे आहे म्हणे. मला तर अजून एक रुपया मिळालेला नाही.” तो खरा मालक होता. गाडी त्याने डीलरकडे ‘विकून दे’ म्हणून नुसती उभी केली होती. डीलरने पैसे दुसरीकडे फिरवले होते आणि मालकाला ‘पार्टी बघतोय’ सांगत राहिला होता. मालकाने तक्रार दिली, पोलीस पत्र घेऊन आले आणि गाडी सात महिने पोलीस ठाण्याच्या आवारात उभी राहिली. त्यात आपला मे महिनाही आला. ४५ अंशांत छताची रबरं वाळून पापडासारखी झाली. शेवटी वरचे चार लाख देऊन मिटवावं लागलं.

गाडी तपासण्यात माझी एकही चूक नव्हती. जो विकतोय त्याला ती विकण्याचा हक्क आहे का, हे मी पाहिलं नव्हतं. तुमच्या टीटीचं इंजिन कसं आहे ते मी फोटोवरून सांगू शकत नाही, पण हा हक्क तुम्ही रावेरला बसल्या बसल्या पाहू शकता.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये जुन्या गाड्यांच्या डीलरांसाठी नियम केले, ते १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यानुसार डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं, तो नमुना २९-बी. मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिली की तशी ऑनलाइन सूचना द्यायची असते, ती नमुना २९-सी. ती दिली की गाडीची जबाबदारी डीलरची होते. या दोन कागदांचे फोटो मागा. अजून पुष्कळ डीलर हे पाळत नाहीत, त्यामुळे ‘नाही’ म्हणाला म्हणून तो चोर ठरत नाही. पण मग मालकाशी थेट बोलणं करून द्यायला सांगा. आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्याशी व्हिडिओ कॉल, हातात आधार कार्ड. ‘मालक परदेशात आहेत’, ‘मालक मोठे अधिकारी आहेत, त्यांना त्रास नको’ असं सुरू झालं की तिथेच थांबा. सही केलेले कोरे २९-३० नंबरचे, म्हणजे नाव बदलायचे फॉर्म हातात असणं म्हणजे मालक नव्हे. नावावर करताना ओटीपी आरसीला जोडलेल्या मोबाईलवर जातो आणि तो मोबाईल मालकाच्या खिशात असतो. खरा मालक सहसा आढेवेढे घेत नाही, कारण नाव बदललं नाही तर उद्याच्या अपघाताची भरपाई त्याच्याच गळ्यात पडते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलं आहे.

आता डीलर. त्याचा जीएसटी नंबर मागा आणि जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाका. नाव, पत्ता आणि नोंदणीची तारीख दिसते. पहिले दोन आकडे राज्याचे असतात: दिल्ली ०७, महाराष्ट्र २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. त्यामुळे नंबरातलं सहावं अक्षर पी असेल तर धंदा एका व्यक्तीच्या नावावर, एफ असेल तर भागीदारी, सी असेल तर कंपनी. ‘अमुक मोटर्स प्रायव्हेट लिमिटेड’ अशी पाटी आणि सहावं अक्षर पी, हे मी स्वतः दोनदा पाहिलं आहे. ‘पंधरा वर्षांपासून विश्वासात’ लिहिलेल्याची नोंदणी पाच महिन्यांपूर्वीची निघते, तेही पाहिलं आहे.

बँक खातं त्याच नावाचं हवं. यूपीआयवर एक रुपया टाकून बघा, समोर नाव येतं. पुतण्याचं खातं, मॅनेजरचं खातं, ‘कंपनीच्या खात्याला लिमिट आहे’ यातलं काहीही ऐकू नका. आणि ‘टोकन परत करतो, फक्त ही रिक्वेस्ट स्वीकारा, पिन टाका’ असं कोणी म्हणालं तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही.

दिल्लीचंही थोडं समजून घ्या. तिथे डिझेल गाडीला १० वर्षं आणि पेट्रोलला १५ वर्षं अशी मर्यादा आल्यापासून मोठ्या गाड्या स्वस्तात बाहेर पडतात. म्हणजे ‘दिल्लीची गाडी इतकी स्वस्त कशी’ याला खरं उत्तर आहे, दर वेळी लबाडीच असते असं नाही. तुमची टीटी पेट्रोल, २०१३ ची. नोंदणी २०२८ पर्यंत, पुढे आपल्याकडे फिटनेस करून पाच पाच वर्षं वाढवता येते. पण दिल्ली नंबरवर ती इथे १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. त्या आरटीओची एनओसी आणावी लागते, तिच्यावर जळगाव, एमएच-१९ असंच लिहिलेलं हवं, आणि इथला कर नव्याने भरावा लागतो. टीटी आयात गाडी आहे. महाराष्ट्रात नव्या आयात गाडीला एकरकमी कर २० टक्के आहे, जुनीला वयानुसार कमी लागतो. डीलर म्हणेल, “थोडासा टॅक्स लगेगा.” तो थोडासा किती, हे मूळ बिलाची प्रत घेऊन जळगावच्या आरटीओत आधी विचारा. साडेअठराची गाडी घरी येईपर्यंत कितीला पडते, ते तेव्हा कळेल.

आयात गाडीचा आणखी एक सापळा असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये कोचीच्या कस्टम्सने ‘ऑपरेशन नुमखोर’ नावाने केरळात धाडी घातल्या. भूतानमार्गे आणलेल्या आणि बनावट कागदांवर नोंदवलेल्या महागड्या गाड्या जप्त केल्या. ज्यांच्या दारातून त्या गेल्या त्यांतल्या काहींनी पूर्ण पैसे मोजलेले होते. म्हणून चासी नंबर वाचायला शिका, अवघड नाही. टीटी हंगेरीतल्या ग्यॉर इथे बनायची, म्हणून तिचा १७ अक्षरी नंबर टीआरयूने सुरू होतो. सातवं-आठवं अक्षर या मॉडेलला ८जे असतं. दहावं अक्षर मॉडेल वर्षाचं: २०१२ ला सी, २०१३ ला डी. काचेखालचा नंबर, बॉडीवर कोरलेला नंबर आणि आरसीवरचा नंबर तिन्ही ठिकाणी एक हवेत. कोरलेल्या जागी घासल्याच्या खुणा किंवा ताजा रंग दिसला तर पुढे बोलायचंच नाही. आरसीवर बँकेचा बोजा आहे का, तेही एम-परिवहनवर दिसतं. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा नमुना ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. दंडाची चलनंही बघा, ती बाकी असली की बदली अडते.

३४ हजार किलोमीटरवर मात्र मला थांबावंच लागेल.

दोन वर्षांपूर्वी धुळ्याच्या एका डॉक्टरांसोबत गुरुग्रामला गेलो होतो. अशीच टीटी, २०१२ ची, मीटरवर ३८ हजार. जागा बघण्यासारखी: काचेची केबिन, पांढऱ्या फरशा, गाडीखाली निळे दिवे. बॉनेटवर हात ठेवला तर गरम. आम्ही येण्याआधीच इंजिन चालवून ठेवलेलं होतं. या इंजिनाची चेन ताणणारा टेन्शनर सैल झाला असेल तर तो थंड इंजिनावर पहिल्या दोन-तीन सेकंदांतच खडखडतो, गरम इंजिनावर ऐकू येत नाही. म्हणून मी काही न बोलता चहा मागवला आणि लॅपटॉप काढला. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये केबल लावली आणि एकेक मॉड्यूल, म्हणजे गाडीतला छोटा संगणक, उघडत गेलो. इंजिनमध्ये काहीच नाही, सगळं पुसलेलं. गिअरबॉक्स साफ, एबीएस साफ. दाराच्या मॉड्यूलमध्ये मात्र खिडकीच्या मोटरची एक जुनी बारीक चूक राहून गेली होती. या गाड्या चूक नोंदवतात तेव्हा त्या क्षणाचं किलोमीटरही सोबत लिहून ठेवतात. स्क्रीनवर होतं: ७१,४१२.

मी लॅपटॉप डॉक्टरांकडे वळवला. डीलर वाकून बघत म्हणाला, “सर, सॉफ्टवेअर का इश्यू होगा.” गाडी पुसणारा पोरगा तेवढ्यात फडकं पिळायला बाहेर गेला. डॉक्टरांनी चहाचा कप खाली ठेवला आणि आमच्या अहिराणीत म्हणाले, “उठा भाऊ, आते घर चाला.”

मीटर मागे फिरवलं म्हणजे नुसती किंमत फुगवली असं नाही. या गिअरबॉक्सचं तेल ६० हजारला बदलायचं असतं. मीटरवर ३८ असेल तर घेणारा म्हणतो अजून वेळ आहे, आणि ७१ हजार पळालेल्या बॉक्समध्ये तेच जुनं तेल फिरत राहतं. मग मेकॅट्रॉनिक, म्हणजे गिअरबॉक्सचा मेंदू, जातं आणि बिल लाखांत येतं. म्हणून अधिकृत सर्व्हिसचा इतिहास मागा. चासी नंबर सांगून मालकाने विचारलं तर सर्व्हिस सेंटर देतं. टायरवरचे चार आकडेही बघा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. ३४ हजारात टायरचा तिसरा जोड लागला असेल तर का लागला, विचारा. पोर्शे बघत असाल तर ओव्हर-रेव्हचा रिपोर्ट मागा. इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा ताणलं ते कंट्रोल युनिट लिहून ठेवतं.

विम्याची पॉलिसी लोक बघतच नाहीत. त्यात नो क्लेम बोनस किती टक्के आहे तेवढं वाचा. तो २०, २५, ३५, ४५, ५० असा वर्षागणिक चढतो आणि क्लेम घेतला की शून्यावर येतो. पहिल्याच मालकाची बारा वर्षांची गाडी, ‘एक ओरखडा नाही’ म्हणतात, आणि बोनस २० टक्के? मग दोन वर्षांपूर्वी काय झालं होतं? पॉलिसी तीन महिन्यांहून जास्त बंद पडली तरी बोनस जातो, म्हणजे उत्तर निरुपद्रवीही असू शकतं. पण प्रश्न विचारा आणि चेहरा बघा.

पुराची गाडी ओळखायला नाक पुरतं. शिवाय सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, टोकाकडे मातीची रेघ राहते, ती कुणी धुवत नाही. सीटच्या रुळांच्या बोल्टवर गंज असेल तर पाणी आत येऊन गेलेलं आहे. ठोकर बघायला माझ्याकडे रंगाची जाडी मोजायचं यंत्र आहे. मूळ रंग शंभर-दीडशे मायक्रॉनच्या आसपास असतो, पाचशेच्या वर गेलं की खाली पुट्टी भरलेली आहे समजायचं. एखादा पॅनल रंगवलेला असणं गुन्हा नाही. छत धरणारा पिलर कापून जोडलेला असणं वेगळं.

हे सगळं व्हिडिओ कॉलवर होत नाही. कॉलचा उपयोग एवढाच की गाडी खरंच त्याच्या दारात आहे का ते कळावं. कॉल सलग हवा: चासी नंबरापासून सुरू करून मीटरपर्यंत, मध्ये न थांबता, आणि इंजिन सकाळी पहिल्यांदा सुरू करताना. फोटो गूगल लेन्सवर टाकून बघा, तीच गाडी दुसऱ्या शहरात दुसऱ्या किमतीला दिसते का. एवढं पटलं तर भुसावळहून रेल्वेत बसा. जायचा-यायचा खर्च आणि माझ्यासारख्या कुणाची दोन दिवसांची मजुरी धरली तरी तुमच्या टोकनच्या निम्मीही होत नाही.

सौदा पटलाच तर टोकन देतानाच कागद करा. चासी नंबर, इंजिन नंबर, मीटरचा आकडा, अपघात-पूर-बोजा नाही असं डीलरचं लेखी, आणि तपासणीत खोटं निघालं तर विसार किती दिवसांत परत. हे लिहून द्यायला जो तयार नाही त्याला ५० रुपयेही देऊ नका. गाडी ताब्यात घेताना तारखेसोबत वेळही लिहा, कारण त्याच दिवशी सकाळचं चलन कुणाचं हा वाद नेहमी होतो. जीएसटीच्या नावाखाली पूर्ण किमतीवर १८ टक्के मागितले तर सांगा, तो डीलरच्या नफ्यावर असतो, किमतीवर नाही. अर्धे रोख द्या म्हणाला तर तेही नको. कायद्याने २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, आणि उद्या भांडायची वेळ आली तर रोख पैशाला साक्षीदार नसतो.

भांडणाचं विचाराल तर एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. डीलर दिल्लीचा असला तरी ५० लाखांपर्यंतचं प्रकरण जळगावच्या जिल्हा आयोगात चालतं. दिल्लीच्या फेऱ्या मारायच्या नाहीत. आणि कुणी टोकन टाकून बसला असेल, समोरचा फोन उचलत नसेल, तर घरच्यांपासून लपवत बसू नका, लगेच १९३० ला फोन करा. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात, दोन दिवसांनी ते एटीएममधून निघून गेलेले असतात.

स्वस्त पडत नाही, पण कंपनीच्या स्वतःच्या जुन्या गाड्यांच्या विभागातूनही टीटी कधीतरी मिळते. दोन-तीन लाख जास्त मोजावे लागतील. पहिलीच जर्मन गाडी असेल तर मी तिकडेच बघा म्हणेन. शिवाय सर्व्हिसला नाशिक नाहीतर संभाजीनगर गाठावं लागेल, आणि चाळीसगावहून कन्नड घाट चढताना पोट घासू नये म्हणून जीव मुठीत धरावा लागेल, हेही आत्ताच ठरवून ठेवा.

आज रात्री डीलरला एवढंच लिहा: “आरसीच्या दोन्ही बाजू, चालू विमा पॉलिसी, २९-बी आणि २९-सी, जीएसटी नंबर आणि चासी नंबरचा फोटो पाठवा. मालकाशी बोलणं झालं की गाडी बघायला येतो, टोकन तिथेच देईन.” पुण्याची आणि इंदूरची पार्टी त्याआधी घेऊन गेली तर जाऊ द्या. कागद आले तर मला पाठवा, पॉलिसी आणि चासी नंबर मी रात्रीतून बघून ठेवतो.